क्रूझ कंट्रोलच्या बटणामागचा माणूस : राल्फ टीटर, ज्यांना दिसत नव्हतं

गाडीच्या स्टिअरिंगवर उजव्या हाताला एक छोटं बटण असतं. स्पीडोमीटरचं चित्र आणि त्यावर एक बाण. दाबलं की गाडी एकच वेग धरून चालत राहते, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी चालतं. हेच क्रूझ कंट्रोल. आजकाल मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही ते मिळतं. आणि घरात दहा-बारा वर्षं जुनी गाडी असेल, तर ते बटण कधीतरी दगा देतं आणि मग "बटण बदलायचं कसं?" हा शोध सुरू होतो.

बटण बदलण्याबद्दल या लेखात पुढे सविस्तर आहेच. पण त्याआधी ज्या माणसामुळे हे बटण आलं त्याची गोष्ट वाचा, कारण ही सिस्टीम अशी का बनली आहे आणि ब्रेकला हात लावताच ती बंद का होते, हे त्यातून नीट समजतं. या माणसाचं नाव राल्फ टीटर. अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर. आणि वयाच्या पाचव्या वर्षापासून ते दृष्टिहीन होते.

इंडियानातलं लहानसं गाव

राल्फ टीटर यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० चा. गाव हेगर्सटाउन, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. घरातलं वातावरण मशीनचंच. टीटर कुटुंब रेल्वेसाठी एक वेगळंच वाहन बनवायचं : रुळांची पाहणी करणाऱ्या कामगारांसाठी रुळांवरून चालणाऱ्या हलक्या गाड्या. सुरुवातीच्या तर चक्क पायडल मारून चालायच्या. त्यामुळे घराजवळ लेथ, ड्रिल, हत्यारं, लोखंडाचा कीस हे सगळं लहानपणापासून आजूबाजूला.

पाच वर्षांचा असताना राल्फ चाकूने एक ड्रॉवर उघडायचा प्रयत्न करत होता. चाकू सटकला आणि एका डोळ्यात गेला. वर्षभराच्या आत दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. दुसऱ्या डोळ्याला तर काहीच लागलं नव्हतं, मग असं कसं? एका डोळ्याला खोल जखम झाली की कधी कधी शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चांगल्या डोळ्यावरच हल्ला करते. आज यावर औषधं आहेत. १८९५ च्या आसपास नव्हती.

आईवडिलांनी एक गोष्ट ठरवून केली. त्यांनी मुलाला बाजूला बसवून ठेवलं नाही. इतर मुलांसारखंच वाढवलं, वर्कशॉपमध्ये जाऊ दिलं, हत्यारांना हात लावू दिला. ज्या घरात हत्यारामुळेच डोळे गेले, त्या घरात हा निर्णय सोपा नसणार. पण पुढचं सगळं आयुष्य त्या निर्णयावर उभं राहिलं. राल्फ वस्तू हाताने "बघायला" शिकला. नट कुठल्या मापाचा, शाफ्ट किती वाकलाय, पृष्ठभाग कुठे खडबडीत आहे, हे बोटांना कळायला लागलं.

बाराव्या वर्षी त्याने चुलतभावाच्या जोडीने एक मोटारगाडी बनवली. हे १९०२ साल होतं. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी यायला अजून सहा वर्षं होती आणि लहान गावातल्या बऱ्याच लोकांनी मोटार पाहिलीही नव्हती. ही गाडी ताशी २५ मैल, म्हणजे साधारण ४० किलोमीटर वेगाने पळायची.

इंजिनिअरिंग कॉलेज

राल्फला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं. ड्रॉइंग बघता न येणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगला घ्यायचं तरी कसं, असा प्रश्न त्या काळात कुठल्याही कॉलेजला पडलाच असता. स्क्रीन रीडर नाही, रेकॉर्ड केलेली लेक्चर नाहीत. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात त्याची एक चुलतबहीण शिकत होती. तिच्या मदतीने तिथे प्रवेश मिळाला. १९१२ मध्ये टीटर मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडले.

आपल्याकडे आजही अनेकदा एखाद्या मुलाला "तुला हे जमणार नाही" असं सांगून सायन्सच्या वर्गातून बाहेर काढलं जातं. त्या पार्श्वभूमीवर ११० वर्षांपूर्वीची ही पदवी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

युद्धनौका आणि थरथरणारं टर्बाइन

पहिल्या महायुद्धाच्या काळात टीटर न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथल्या एका जहाजबांधणी कंपनीत काम करत होते. अमेरिकन नौदलाच्या विनाशिकांमध्ये वाफेवर चालणारी टर्बाइन होती आणि त्यांच्या रोटरचा बॅलन्स नीट बसत नव्हता.

हा प्रॉब्लेम काय, ते एका ओळखीच्या उदाहरणाने बघू. टायर बदलल्यावर आपण व्हील बॅलन्सिंग करतो. मशीनवर चाक फिरवतात आणि रिमला छोटी वजनं लावतात. ते केलं नाही तर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. आता चाकाऐवजी अनेक टनांचा पोलादी रोटर धरा, जो मिनिटाला हजारो फेरे फिरतो. वजनात जरासा फरक असला तरी बेअरिंग झिजतात आणि अख्खं जहाज हादरतं.

आणखी एक अडचण म्हणजे रोटर थांबलेला असताना हा दोष दिसतोच असं नाही. एका टोकाला वरच्या बाजूला जास्त वजन आणि दुसऱ्या टोकाला खालच्या बाजूला तेवढंच जास्त वजन असेल, तर उभ्या रोटरमध्ये दोन्ही एकमेकांना कापतात. सगळं ठीक वाटतं. फिरायला लागला की दोन टोकं उलट दिशांना ओढतात. म्हणून तपासणी फिरत्या रोटरवरच करावी लागते. याला डायनॅमिक बॅलन्सिंग म्हणतात. टीटर यांनी या कामाची पद्धत बसवली. कंपन कुठून येतंय हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला जाणवतं. इथे त्यांच्या बोटांची सवय थेट कामी आली.

पिस्टन रिंगचा धंदा

युद्धानंतर ते हेगर्सटाउनला घरच्या कंपनीत परत आले. कंपनीने एव्हाना रेल्वेच्या गाड्यांकडून मोटारींच्या इंजिनांकडे आणि मग पिस्टन रिंगकडे मोर्चा वळवला होता. पुढे कंपनीचं नाव पडलं पर्फेक्ट सर्कल.

पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवती बसणारी, एका ठिकाणी कापलेली कडी. ती सिलिंडरच्या भिंतीला सगळीकडून सारखी दाबून बसली पाहिजे. तसं झालं तर जळणाऱ्या इंधनाचा दाब वाया जात नाही आणि इंजिन ऑइल वर चढून जळत नाही. जुन्या बाइकच्या सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला की मेकॅनिक म्हणतो, "रिंग गेल्या." त्याच या रिंग. हे पर्फेक्ट सर्कल नाव पुढे आपल्या नाशिकपर्यंत पोचलं. तिथे पिस्टन रिंग बनवणारी एक कंपनी बरीच वर्षं याच नावाने ओळखली जायची.

टीटर आधी कंपनीचे मुख्य इंजिनिअर होते आणि १९४६ मध्ये अध्यक्ष झाले. त्याच्या दहा वर्षं आधी, १९३६ साली, ते सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स म्हणजे एसएईचे अध्यक्ष होते. आज इंजिन ऑइलच्या डब्यावर "एसएई" लिहून पुढे आकडे असतात ना, तीच ही संस्था. अमेरिकेतल्या सगळ्या मोटार इंजिनिअरांनी एका दृष्टिहीन माणसाला आपला प्रमुख निवडलं होतं.

१९२२ मध्ये त्यांचं लग्न नेली व्हॅन अँटवर्प यांच्याशी झालं. मुलगी मार्जोरी हिने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं.

शेजारच्या सीटवरून लागलेला शोध

टीटर गाडीत बहुतेक वेळा चालकाच्या शेजारी बसायचे. त्यामुळे गाडी कशी चालते आहे हे त्यांना चालवणाऱ्यापेक्षाही जास्त जाणवायचं. डोळे मिटून एसटीच्या पुढच्या सीटवर बसा, म्हणजे समजेल. ड्रायव्हर पाय कधी दाबतो, कधी सोडतो, सगळं अंगाला कळतं.

किस्सा असा सांगितला जातो की त्यांचा वकील गाडी चालवायचा तेव्हा बोलायला लागला की वेग कमी करायचा आणि ऐकायला लागला की वाढवायचा. गाडी सारखी मागे-पुढे हिंदकळायची. टीटर वैतागायचे. कोणीही माणूस पायाने एकसारखा वेग ठेवू शकत नाही, मग हे काम मशीनला का देऊ नये, असा विचार त्यांच्या डोक्यात बसला.

त्याच सुमारास दुसरं महायुद्ध सुरू होतं. पेट्रोल आणि त्याहूनही जास्त रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटरची वेगमर्यादा लागली होती. मोकळ्या रस्त्यावर इतक्या कमी वेगात गाडी धरून ठेवणं लोकांना जड जायचं. म्हणजे गरज फक्त टीटर यांची नव्हती.

अनेक वर्षं प्रयोग झाले. २२ ऑगस्ट १९५० ला त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक २५,१९,८५९. त्या वेळी टीटर साठ वर्षांचे होते.

ते यंत्र चालायचं कसं?

लक्षात घ्या, कॉम्प्युटर नाही, चिप नाही, सेन्सर नाही. सगळं मेकॅनिकल.

१. डॅशबोर्डवर एक गोल नॉब. चालक त्यावर हवा तो वेग निवडायचा. त्यामुळे आतल्या एका स्प्रिंगचा ताण बदलायचा.

२. इंजिनजवळ एक गव्हर्नर. गाडीच्या शाफ्टवरून फिरणाऱ्या केबलला जोडलेली दोन छोटी वजनं. गाडी जितकी जोरात, तितकी ती वजनं बाहेर फेकली जाणार. मुलांना जत्रेतल्या चक्रीपाळण्यात बसल्यावर बाहेर ओढल्यासारखं होतं, तसंच.

३. निवडलेला वेग गाठला की ही वजनं स्प्रिंगच्या ताणावर मात करायची आणि एक झडप उघडायची. मग इंजिनातल्या व्हॅक्यूमवर चालणारा पिस्टन ॲक्सिलरेटर पेडलला उलटं ढकलायचा.

म्हणजे पहिल्या रूपात हे यंत्र गाडी स्वतः चालवत नव्हतं. ते फक्त पायाला सांगायचं की बास, इथपर्यंत. पायाला पेडल जड लागायचं. ओव्हरटेक करायचं असेल तर जोर लावून त्यापुढे जाता यायचं. चालकाचा पाय पेडलवरच असायचा आणि गाडीचा ताबाही चालकाकडेच.

वेग लॉक करण्याची सोय नंतर जोडली गेली. एक विद्युतचुंबक ती पकड धरून ठेवायचा आणि पाय काढला तरी वेग तसाच राहायचा. सोय मोठी, पण धोकाही मोठा. समोर अचानक कोणी आलं तर? म्हणून पकड सुटण्याची युक्ती अगदी साधी ठेवली : ब्रेकवर पाय पडला की चुंबक बंद. शोधावं लागेल असं वेगळं बटण नाही. घाबरलेला माणूस जे आपोआप करतो, त्यानेच यंत्र बंद होतं.

आज ७० वर्षांनंतर तुमच्या गाडीतलं क्रूझ कंट्रोलही याच नियमावर चालतं.

बाजारात आलं १९५८ ला

टीटर यांनी या यंत्राला बरीच नावं देऊन पाहिली. कंट्रोलमॅटिक, टचोमॅटिक, प्रेसोमॅटिक. शेवटी स्पीडोस्टॅट हे नाव ठरलं. १९५८ च्या मॉडेलमध्ये क्रायस्लर कंपनीने ते आपल्या इम्पिरिअल, न्यू यॉर्कर आणि विंडसर या गाड्यांवर जादा पैसे देऊन मिळणारी सोय म्हणून दिलं. क्रायस्लरने नाव ठेवलं ऑटो-पायलट. म्हणजे गाडीतल्या सोयींना खऱ्यापेक्षा मोठं नाव देण्याची सवय बरीच जुनी आहे! थोड्याच काळात कॅडिलॅकनेही ते घेतलं आणि क्रूझ कंट्रोल हे नाव दिलं. तेच टिकलं.

१९७३ मध्ये तेलसंकट आलं. अमेरिकेने १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा देशभर लावली. लांब सरळ रस्ते, महाग पेट्रोल आणि चलनाची भीती. एकसारखा वेग ठेवणारं यंत्र एकदम कामाचं ठरलं आणि साध्या गाड्यांमध्येही पसरलं.

आता तुमच्या जुन्या गाडीचं बटण

टीटर यांचा डॅशबोर्डवरचा नॉब हळूहळू स्टिअरिंगवर आला, म्हणजे रस्त्यावरून नजर हटू नये. पण फिरणाऱ्या स्टिअरिंगमध्ये वायर न्यायची कशी? त्यासाठी स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाचा भाग असतो. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सपाट पट्टी, जी स्टिअरिंगबरोबर उलगडते आणि गुंडाळली जाते.

दुसरी गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. सेट, रिझ्यूम, कॅन्सल या प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. एकाच वायरवर किती व्होल्टेज आलं यावरून कंट्रोल युनिट ओळखतं की कुठलं बटण दाबलं. वर्षानुवर्षं घाम आणि धूळ बसून आतले संपर्क खराब झाले की व्होल्टेज चुकतं. मग सेट दाबलं तर काहीच होत नाही किंवा भलतंच होतं.

बटण विकत घेण्याआधी इतकं तपासा :

- ब्रेक लाइट लागतात का? ब्रेक पेडलजवळचा स्विच बिघडला असेल तर सिस्टीमला ब्रेक दाबला की नाही हे नीट कळत नाही आणि क्रूझ चालूच होत नाही. अनेकदा दोष इथेच असतो आणि हा भाग स्वस्त असतो.
- हॉर्न आणि आवाजाची बटणंही बंद आहेत का, एअरबॅगचा दिवा लागलाय का? तसं असेल तर संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्या.
- फक्त क्रूझचीच बटणं अडतात आणि बाकी सगळं ठीक आहे? मग बटण बदलून काम होण्याची शक्यता जास्त.

बटणाचा संच साधारणपणे दोन-तीन स्क्रू आणि एका कनेक्टरवर बसलेला असतो. पण अनेक गाड्यांमध्ये तिथे पोचायला चालकाची एअरबॅग काढावी लागते, आणि खरा धोका तोच आहे. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं. बॅटरी काढल्यावरही तिच्या सर्किटमध्ये काही वेळ वीज साठलेली राहते, कारण अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी अशीच रचना केलेली असते. म्हणून चाकं सरळ ठेवायची, इग्निशन बंद करायचं, बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढायचं आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पूर्ण थांबायचं. एअरबॅगच्या वायरला मल्टीमीटर लावायचा नाही. या वायरचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात, ते ओळखून ठेवा. काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवायची, उपडी कधीच नाही.

यूट्यूबवर दहा मिनिटांत होणारं हे काम सवय नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या. तुम्ही पार्ट नंबर जुळवून द्या, एवढं पुरेसं आहे. दिसायला सारखं पण दुसऱ्या मॉडेलचं बटण घेतलं तर आतले रेझिस्टर वेगळे असू शकतात.

नवीन बटण बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर पहिली टेस्ट वेग धरतो का याची करू नका. कमी वेगात सेट करा, ब्रेकला हलका पाय लावा आणि क्रूझ लगेच सुटतं का ते बघा. ते सुटलं नाही तर गाडी तशी वापरू नका.

समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर क्रूझ कंट्रोलचा मोह होतोच. पण पायाला काम नसलं की झोप लवकर येते. पाऊस असेल, रस्ता निसरडा असेल किंवा घाट असेल तर ते बंदच ठेवा. साध्या क्रूझला समोरची गाडी दिसत नाही. ते काम रडार किंवा कॅमेरा असलेल्या नव्या ॲडॅप्टिव्ह क्रूझचं, आणि तिथेही ब्रेकवरचा पाय तुमचाच लागतो.

शेवटची वर्षं

टीटर यांच्या नावावर आणखीही शोध आहेत. गवत कापायचं मशीन, कुलपं, मासे पकडायच्या गळाची काठी धरून ठेवणारं स्टँड. पर्फेक्ट सर्कल कंपनी १९६३ मध्ये डाना कॉर्पोरेशनकडे गेली. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांसाठी एसएईचा एक पुरस्कार आजही त्यांच्या नावाने दिला जातो.

१५ फेब्रुवारी १९८२ ला वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९८८ मध्ये त्यांचं नाव अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं.

रस्ता न दिसणाऱ्या माणसाने गाडी चालवणाऱ्यांसाठी यंत्र बनवलं आणि ते थांबवण्याची किल्ली चालकाच्या ब्रेकखालीच राहिली. पुढच्या वेळी गाडीत क्रूझ सेट कराल तेव्हा पाय कुठे आहे तेवढं एकदा बघून घ्या.